साडीवर बूट : एक समीक्षा

मराठी माणूस परदेशी निघाला की त्याच्या बॅगेत काय काय जाते, यावर आजवर भरपूर विनोद झाले आहेत. मेतकूट झाले, भडंग झाले, कुकरची जास्तीची रिंग झाली. त्यात भर घालायचा माझा विचार नाही. माझा विषय बॅगेच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असतो. ते म्हणजे नवे कोरे पांढरे बूट. मुलाकडे सहा महिने राहायचे, तिकडे हवा चांगली, रस्ते चांगले, रोज सकाळी फिरायचेच, असा संकल्प सोडून ते घेतलेले असतात. मग खाली ते बूट, त्यावर साडी, साडीवर स्वेटर आणि कानाला स्कार्फ असा जो पोशाख सिद्ध होतो, त्याची रीतसर समीक्षा माझ्या तरी वाचनात आलेली नाही. कादंबरीची होते, नाटकाची होते, हल्ली मिसळीचीसुद्धा होते. मी पडलो बी.कॉम. साहित्यसमीक्षेची परिभाषा मला येत नाही. पण जमाखर्च येतो, आणि या कामाला तो पुरेल असे मला वाटते.

तसे या पोशाखाचे टीकाकार घरोघर आहेत. ते बहुधा पोटचेच असतात. "आई, अगं हे काय घातलंयस? इथे असं कुणी घालत नाही!" एवढ्या एका वाक्यात त्यांची समीक्षा आटोपते. काय चांगले, काय वाईट, का वाईट, काही नाही. आमच्या बँकेत एखादे व्हाउचर परत करायचे तरी कारण लिहावे लागते हो!

माझी नोकरी साताऱ्यात आणि घर सांगलीत, त्यामुळे सकाळी फिरणाऱ्यांचे दोन्ही नमुने मला माहीत आहेत. सातारा हे चढाचे गाव. सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाणारी मंडळी धापा टाकत का होईना, पण वर जातात. त्यातून २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटातली ती अर्धी मॅरेथॉन सुरू झाली, आणि गावात पोपटी बनियनांना आणि नाडी मोजणाऱ्या घड्याळांना ऊत आला. आमचे हेडकॅशिअरसाहेबसुद्धा रविवारी असे काही घट्ट घालून निघतात, की सोमवारी काउंटरवर त्यांच्याशी नजर मिळवणे जड जाते. सांगली सपाट. तिथे आमराईत फेऱ्या मारायच्या, आणि त्या मारणाऱ्या बायकांत साडीवर बूट हा पोशाख इतका रुळलेला आहे, की त्याकडे कुणी मान वळवून पाहत नाही.

माझी मावशी त्यांतलीच. वय अडुसष्ट, साखरेचा त्रास, आणि आमराईच्या पाच फेऱ्या वर्षानुवर्षे चुकलेल्या नाहीत. मागे ती काकांबरोबर ऑक्टोबरात न्यू जर्सीला मुलाकडे गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी बूट घालून दाराशी उभी राहिली, आणि चिरंजिवांनी वरचे वाक्य उच्चारले. पोरगा प्रेमळ आहे. संध्याकाळी लगेच तो दोन ट्रॅकपँट घेऊन आला. मावशीने एक चढवून पाहिली, आरशासमोर उभी राहिली, आणि घडी घालून कपाटात ठेवून दिली. "अरे, ते पाय माझे वाटेचनात मला," ती सांगत होती. त्यानंतर सहा महिने ती सोफ्यापासून फ्रीजपर्यंत आणि फ्रीजपासून सोफ्यापर्यंत फिरली. जाताना उपाशीपोटी साखर एकशेचाळीस होती, ती येताना दोनशे दहा. इन्सुलिन सुरू झाले. एका वाक्याच्या समीक्षेला याहून मोठी किंमत पडलेली मी पाहिली नाही.

"मग घरातच सूर्यनमस्कार घाल," असाही सल्ला त्याने दिला होता. सल्ला वाईट नव्हे. आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आयुष्यभर सूर्यनमस्कारांचा प्रचार केला, आणि त्यांचे त्यावरचे पुस्तक १९३८ साली थेट लंडनात छापले गेले. पण अडुसष्टाव्या वर्षी, गुडघ्याची वाटी झिजलेली असताना, गालिच्यावर नमस्कार सुरू करणे वेगळे.

मला नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. "लोक काय म्हणतील" या वाक्याला कंटाळून हा मुलगा सांगली सोडून गेला, असे तो स्वतःच सांगतो. आणि नेमके तेच वाक्य त्याने हँडबॅगेतून सोबत नेले. कस्टमवाले बिचारे लोणच्याच्या बाटल्या हुंगत बसले, हे त्यांच्या हाती लागलेच नाही. वास्तविक तिथले शेजारी काही म्हणण्याइतके जवळ राहतही नाहीत. मावशी तीन दिवसांत ज्या एका शेजारणीला दिसली, ती तिला "गुड मॉर्निंग" म्हणून कुत्र्यामागे निघून गेली.

परदेशात व्यायामासाठी काय घालावे, हा प्रश्न आपल्याकडे काही मावशीपासून सुरू झालेला नाही. १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकला आपले खेळाडू गेले, त्यांत साताऱ्याचे दातार होते आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्याआधी पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत सर दोराबजी टाटांनी पाहिले ते शेतकऱ्यांची अनवाणी पळणारी पोरे. त्या अनवाणी पोरांचा लांब पल्ल्याचा वेग युरोपच्या जवळपास जातो हे दोराबजींच्या ध्यानात आले, आणि तिथून ऑलिंपिकची खटपट सुरू झाली. पायात काही नाही म्हणून त्यांनी कुणाला घरी बसवले नाही! अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये दातारांची शर्यत पुरी झाली नाही. चौगुले दोन तास पन्नास मिनिटांत एकोणिसावे आले.

पुढे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. लाल मातीत, लंगोट लावून, अनवाणी तयार झालेला पैलवान १९४८ साली लंडनला गेला, तो एकदम मॅटवर. तिथे बूट आले, अंगाला चिकटणारा एकसंध पोशाख आला. सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत त्याच मॅटवर त्यांनी ब्राँझपदक घेतले. आता पाहा, पोशाख बदलला का? तर मातीची मॅट झाली म्हणून. लंडनची माणसे लंगोटाला हसतील म्हणून नव्हे. मावशीच्या चिरंजिवांनी हा फरक ध्यानात घेतला असता तर इन्सुलिनचा खर्च वाचता. उलट बाजूचा दाखलाही आहे. २०२३ साली मँचेस्टरच्या मॅरेथॉनमध्ये मधुस्मिता जेना ही ओडिया बाई संबळपुरी साडी नेसून, खाली बूट घालून, संबंध शर्यत चार तास पन्नास मिनिटांत पळाली. बेचाळीस किलोमीटर! मावशीला फक्त कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत जायचे होते.

म्हणजे हा पोशाख निर्दोष आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. जमेच्या बाजूला एकच रक्कम आहे, पण मोठी: नेसणारीला तिच्यात चालता येते. खर्ची बाजू अशी. साडीचा काठ बर्फाच्या चिखलात भिजतो आणि दिवसभर पायाला गार लागतो. आतला सुती ब्लाउज घाम शोषतो आणि ओलाच राहतो. थंडीत अंगाला लागून सुती नको, लोकरीचे किंवा घाम धरून न ठेवणारे हवे. नव्या बुटांचा तळ गुळगुळीत असेल तर न दिसणाऱ्या बर्फावर तो तुम्हाला हवे तिथे न नेता त्याला हवे तिथे नेतो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ती चॉकलेटी शाल. डिसेंबरात तिथे सकाळी सातलाही पुरते उजाडलेले नसते, गाड्या उजव्या बाजूने धावतात आणि पुष्कळ ठिकाणी फूटपाथच नसतो. तिथे पायी चालणाऱ्याने रस्त्याच्या डाव्या कडेने, समोरच्या गाड्यांकडे तोंड करून चालायचे असते. चॉकलेटी शालीतली बाई ड्रायव्हरला दिसत नाही. खरी टीका करायची तर या शालीवर करायला हवी होती.

काकांच्या पोशाखावर कुणीच टीका केली नाही, हे जाता जाता नोंदवतो. इस्त्रीची पँट, कमरेला पट्टा, मफलर, आणि डोळे तेवढे उघडे ठेवणारी माकडटोपी. ही टोपी आपली वाटते, पण तिचे इंग्रजी नाव क्रिमियातल्या बालाक्लावा गावावरून आलेले आहे. १८५४ साली तिथे इंग्रज सैनिक थंडीने काकडले होते. आमच्या शाखेत नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी निम्मे पेन्शनर ती घालूनच येतात, आणि आम्ही त्यांना चहा विचारतो. तिकडच्या बँकेत काका तसेच शिरले असते तर सगळ्यांनी हात वर केले असते.

येत्या मे महिन्यात मावशी पुन्हा जाते आहे. या खेपेला काठ घोट्याच्या वर राहील अशी साडी, खाली लोकरीचे मोजे, दातेरी तळाचे बूट, एवढे ठरले आहे. अंधारात चमकणारा, हायवेवरचे कामगार घालतात तसला पट्ट्यांचा जाकीटही तिने आणवला आहे. तो पदरावरून घालायचा की पदराखालून, यावर मात्र आमराईत अजून एकमत झालेले नाही.