आजारी पाल आणि पुस्तकातला एक शब्द

पाल पाळायची, ही कल्पनाच आपल्याकडे अनेकांना चमत्कारिक वाटेल. पण युरोप-अमेरिकेत काचेच्या पेटीत पाली पाळणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांची सर्वांत आवडती जात अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या रुक्ष, खडकाळ भागातली. अंगावरच्या ठिपक्यांमुळे तिला लेपर्ड गेको म्हणतात. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. आपल्या घरातल्या पालीसारखी ती भिंतीवर चढू शकत नाही, मात्र तिला उघडझाप करणाऱ्या पापण्या असतात.

ही पाल पाळणाऱ्यांची नेहमीची तक्रार एकच : ती खात नाही, शेपटी बारीक होत चालली आहे. लेपर्ड गेको चरबी शेपटीत साठवते, त्यामुळे बारीक झालेली शेपटी ही खरोखरच धोक्याची खूण असते. अशा वेळी काय करावे हे सांगणारी पत्रके व पुस्तिका बऱ्याच निघतात. त्यांच्याविषयी शिक्षकांच्या मासिकात लिहिण्याचे कारण असे की, त्यांतला मोठा दोष आपल्या शालेय पाठांतही आहे.

आधी या पत्रकांचे गुण सांगितले पाहिजेत. आजारी पालीच्या पेटीत वाळू ठेवू नये, कारण ती पोटात जाऊन आतडे तुंबते, हे त्यांतली चांगली पत्रके स्पष्ट सांगतात. रातकिड्यांत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त असतो. म्हणून खाऊ घालण्यापूर्वी त्यांना कॅल्शियमची भुकटी लावावी, नाहीतर पालीची हाडे मऊ पडतात, हेही ती सांगतात. न खाल्लेले जिवंत किडे पेटीत सोडून ठेवू नयेत, ते अशक्त पालीला चावतात, हा सल्लाही योग्यच आहे.

दोष आहे तो क्रमात. ‘पाल खात नाही’ म्हटले की बहुतेक पत्रके खाण्यापासूनच सुरुवात करतात : किडा बदलून पाहा, जीवनसत्त्वे द्या, पातळ अन्न नळीने तोंडात घाला. पेटीचे तापमान कुठेतरी शेवटी, एका आकड्यापुरते येते. वास्तविक पहिला प्रश्न तोच असायला हवा. पालीची पचनक्रिया शरीराच्या तापमानावर अवलंबून असते. शरीर थंड असेल तर पाचक विकरांचे काम मंदावते, आतड्यांची हालचालही मंदावते आणि पोटातला किडा पचण्याऐवजी तसाच कुजू शकतो. अशा पालीने खाणे सोडले, तर ती एका अर्थी शहाणपणाच करत असते. तिच्या तोंडात बळेच अन्न कोंबणे ही मदत नव्हे.

म्हणून पेटीची एक बाजू उबदार हवी. तिथल्या जमिनीचे तापमान सुमारे ३० ते ३२ अंश सेल्सियस असावे आणि दुसरी बाजू त्याहून थंड असावी. दोन्ही बाजूंना लपायला जागा हवी. ही पाल रात्री वावरणारी आहे; ती तापलेल्या जमिनीला पोट टेकून ऊब घेते. पण नियंत्रकाशिवाय तापणारे कृत्रिम दगड ठेवले तर तिचे पोट भाजते. ऊब आणि पाणी मिळाल्यावर मग एखाद-दुसरा लहान, मऊ किडा द्यावा आणि आठवड्यातून एकदा वजन करून ते लिहून ठेवावे. वजन घटतच राहिले, तर पशुवैद्याकडे जावे. विष्ठा तपासल्यावर जंत किंवा क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी सापडू शकतो. असा रोग नुसत्या उबेने बरा होत नाही. उलट, धडधाकट प्रौढ पाल विणीच्या काळात किंवा थंडीत काही आठवडे कमी खाते आणि तरी तिचे वजन फारसे घटत नाही. तिथे घाबरण्याचे कारण नसते.

आता आपल्या पुस्तकांकडे वळू. ‘सरपटणारे प्राणी शीतरक्ती असतात’ हे वाक्य आपण वर्षानुवर्षे पाठ करून घेतो. मुले त्याचा अर्थ सरळ लावतात : त्यांचे रक्त थंड, म्हणजे त्यांना थंडीच मानवते. हा अर्थ चुकीचा आहे. कोल्स आणि बोगर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९४४ मध्येच वाळवंटी सरड्यांवरील अभ्यासातून दाखवले होते की, हे प्राणी उन्हात जाऊन, सावलीत येऊन आपले तापमान बऱ्याच नेमक्या मर्यादेत राखतात. उष्णता ते बाहेरून घेतात, एवढाच आपल्यात आणि त्यांच्यात मुख्य फरक. त्यांना बाह्यतापी म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

या शब्दावर प्राण्याचा जीवही अवलंबून असू शकतो, हे मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांवरून दिसते. १९७४ मध्ये त्यांनी वाळवंटी इग्वानांना जिवाणूंची लस टोचली. ते सरडे नेहमीपेक्षा सुमारे २ अंश अधिक उष्ण जागी जाऊन बसू लागले. म्हणजे त्यांनी स्वतःच ताप आणला. १९७५ च्या प्रयोगात संसर्ग झालेले सरडे वेगवेगळ्या तापमानांत ठेवले, तेव्हा अधिक उबेत ठेवलेले जास्त संख्येने वाचले. १९७६ मध्ये १२ संसर्गित सरड्यांना ताप उतरवणारे औषध दिले. औषध देऊनही ज्यांचा ताप टिकला ते ५ वाचले. ज्यांचा उतरला ते ७ मेले. सर्वच जातींत असा ताप दिसतो असे नाही, त्यामुळे आजारी पालीला वाटेल तसे तापवत सुटू नये. पण पेटीत उबदार जागाच नसेल, तर तिला निवड करण्याची संधीच राहत नाही. ‘शीतरक्ती’ हा शब्द मनात धरून बसलेल्या मालकाला हे सुचणार कसे?

वर्गात हे शिकवताना पाल पकडून आणू नये. लेपर्ड गेकोची एक भाऊबंद जात महाराष्ट्रातही आढळते. ती विषारी समजली जाते, पण कोणतीही पाल विषारी नसते. तिला रानातच राहू द्यावे. निरीक्षणाला घरची पाल पुरेशी आहे. डिसेंबर ते एप्रिल रोज ठरावीक वेळी ट्यूबलाइटजवळच्या पाली मोजाव्यात आणि तापमान लिहावे. थंडीत पाली कमी दिसतील, तेव्हा विद्यार्थ्यांना विचारावे : पालींना थंडी बाधली, की दिव्याजवळचे कीटकच कमी झाले? म्हणून कीटकांचीही नोंद ठेवायला सांगावी. एका कारणावर समाधान न मानण्याची सवय यातून लागते, आणि पत्रके लिहिणाऱ्यांनाही नेमकी हीच सवय हवी आहे.

पाठ्यपुस्तकातला शब्द बदलायला वेळ लागेल. तोवर ‘शीतरक्ती’ या शब्दापुढे शिक्षकांनी एक वाक्य जोडावे : या प्राण्यांनाही ऊब लागते, ती ते बाहेरून घेतात, आणि ती मिळाली नाही तर समोर ठेवलेले अन्नही त्यांच्या उपयोगी पडत नाही.