रोहिरेश्वराचा हवाला
रोहिडखोऱ्याच्या दादाजी नरस प्रभू देशपांड्यांना शिवाजी महाराजांनी १६४५ साली लिहिलं असं जे पत्र सांगतात, त्यातलं ‘हिंदवी स्वराज्य’ तेवढं आपण पाठ करतो. मला त्यातला देव मोठा वाटतो. विजापूरच्या धाकात सापडलेल्या माणसाला पत्र दूरच्या तीर्थाचा नव्हे, त्याच्याच डोंगरपठारावरच्या स्वयंभू रोहिरेश्वराचा हवाला देतं: यश त्याने दिलं, पुढेही तोच देईल.

पत्राच्या अस्सलपणावर इतिहासकारांत वाद आहे. उगम तपासल्याशिवाय मजकूर मानू नये, हे मला कोडिंगने शिकवलं. देवही मी तसाच सोडला. पण भोरची आजी अजून रायरेश्वराकडे बघून ‘त्याला काळजी’ म्हणते, तेव्हा कळतं, लिहिणाऱ्याला हे खोरं आतून ठाऊक होतं.