हिमालय आणि आमचे गद्य

मराठी माणूस आता हिमालयास नवखा राहिलेला नाही. पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेच्या आरोहकांनी २०१२ साली एव्हरेस्ट व २०१९ साली कांचनजुंगा सर केले. आमच्या कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकर यांनी २०२२ साली एव्हरेस्टचा माथा गाठला. पाय तेथवर पोचले. गद्य मात्र पायथ्याशीच घुटमळत आहे.

हिमालयावरील मराठी लेखन वाचताना आम्हांस एक गोष्ट वारंवार खटकते. बर्फ दिसला की बहुतेक लेखकांची दृष्टी दिपते. तो शुभ्र, पवित्र, निःशब्द. आणि कोसळला की निसर्गाचा कोप! ही दृष्टी मूळची यात्रेकरूची. साताऱ्यास जन्मलेल्या काकासाहेब कालेलकरांनी आपला हिमालयप्रवास गुजरातीत लिहिला, तो दर्शनार्थी म्हणून; त्यांस ती शोभते. पण दोर नि कुऱ्हाड घेऊन निघालेल्याने तीच उसनी घ्यावी, हे आमच्या मते केवळ वाङ्मयीन वैगुण्य नव्हे, तर धोका होय.

कारण हिमस्खलन हा कोप नसतो. ते बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होते. बर्फ थराथरांनी साचतो. पातळ थरावरून कडाक्याच्या निरभ्र रात्री गेल्या म्हणजे त्यातील कण साखरेसारखे सुटे होतात. आणि गुळाची ढेप एकसंध राहते, साखरेचा ढीग राहत नाही, हे गुऱ्हाळांच्या मुलखातील वाचकांस सांगावयास नकोच. वर वाऱ्याने आणून बसविलेली घट्ट लादी असते. एका माणसाच्या भाराने खालची साखर ढासळते व लादी सुटते. प्रवासी ज्या लादीखाली गाडले जातात, ती दहापैकी सुमारे नऊ वेळा त्यांनी वा त्यांच्या सोबत्यांनीच सोडविलेली असते. पायाखाली 'धप्प' असा आवाज, पावलापासून धावणारा तडा, या तिच्या पूर्वसूचना. गाडलेल्यास पाव तासाच्या आत बाहेर काढले तर तो बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी. म्हणजे उकरणारे हात सोबत्यांचेच हवेत. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडात 'द्रौपदी का डांडा' शिखरावर पंचवीसांहून अधिक जण दगावले. त्यांत बहुतेक शिकाऊ आरोहक होते.

मराठीस हे पेलणार नाही, असे कोणी म्हणू नये. पावसाळ्यात पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे चालणारा पोरगा मुरूम, शेवाळ, घसारा, दरड यांतील भेद पायाने ओळखतो. 'घसारा' म्हणताच त्याचे पाऊल आखडते. बर्फाबाबत मात्र ताजे भुसभुशीत हिम, वाऱ्याने थापलेली लादी, हिमनदीची काच आणि सरबतातील खडा, सारे एकाच शब्दात कोंबलेले!

पुढील मोहिमेच्या वृत्तांतात शिखरावरचा सूर्योदय नसला तरी आमची तक्रार नाही. ज्या उतारावरून मंडळी माघारी फिरली, तेथे त्या सकाळी पायांखाली काय होते, याचे एक पान तेवढे आम्हांस हवे आहे.