गरज कुणाची, शोध कुणासाठी?

‘गरज ही शोधाची जननी’ हे वाक्य आपल्याकडे शाळांच्या भिंतींवर लिहिलेले असते. मराठीतील संशोधकांच्या चरित्रकथांचा बराचसा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे. हे वाङ्मय मी विद्यार्थी म्हणून वाचले आणि शिक्षक म्हणून वर्गात वाचून दाखवले. खेड्यातल्या, वस्तीतल्या मुलांच्या मनात त्याने विज्ञानाची ओढ निर्माण केली, हे ऋण मी नाकारत नाही. परंतु त्या वाक्यातली ‘गरज’ नेमकी कुणाची, हा प्रश्न मला त्यात क्वचितच विचारलेला आढळला. माझा आक्षेप तेथे आहे.

या कथांचा साचा ठरलेला असतो. जिज्ञासू मुलगा, घरची गरिबी, लोकांची टिंगल, अनेक फसलेले प्रयोग. शेवटी यंत्र चालते आणि कथा संपते. तो शोध पुढे समाजात उतरतो तेव्हा कुणाच्या घरात शिरतो, कुणाच्या उंबऱ्याबाहेर थांबतो, कुणाचे कष्ट हलके करतो आणि कुणाच्या माथी तसेच ठेवतो, हे प्रकरण लिहिलेच जात नाही. शोधाची सामाजिक परीक्षा मात्र त्याच प्रकरणात होत असते.

संडासाचे उदाहरण घेऊ. पांढरपेशा अभिरुचीला ते रुचणार नाही, त्याला इलाज नाही. लंडनमध्ये घड्याळे बनविणाऱ्या अलेक्झांडर कमिंगने १७७५ मध्ये फ्लशच्या संडासाचे पेटंट घेतले. त्याची युक्ती साधी होती. भांड्याखालची नळी त्याने वाकवली. त्या बाकात पाणी साचून राहते आणि गटारातल्या वायूची घरात येण्याची वाट बंद होते. आज घराघरांतल्या फ्लशच्या संडासाखाली हाच पाण्याचा अडसर असतो. पण एवढ्याने लंडन स्वच्छ झाले नाही. घाण घरातून निघाली आणि थेम्स नदीत गेली. गरिबांच्या वस्त्या कॉलऱ्याने मरत होत्या, तरी काम रेंगाळत राहिले. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीची दुर्गंधी खुद्द पार्लमेंटच्या इमारतीत शिरली. त्याच उन्हाळ्यात कायदा झाला, पैशाची सोय झाली आणि जोसेफ बॅझलजेटच्या देखरेखीखाली भुयारी गटारांचे मोठे काम सुरू झाले. गरज आधीही होतीच. सत्ताधाऱ्यांच्या नाकापर्यंत पोचल्यावर ती गरज ठरली.

आपल्याकडे हीच गटारे इंग्रजी अमलात मोठ्या शहरांत आली, तरी टोपलीचे संडास पुढे कित्येक दशके टिकले. टोपली उचलणारी जात येथे जन्मानेच पुरवली जात होती. नगरपालिका ही आधुनिक संस्था खरी, पण या कामाला माणसे घेताना तिने मनूचाच हिशेब पाळला. १९४९ मध्ये मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी बर्वे समिती नेमली. १९५७ मध्ये केंद्राच्या पातळीवर मलकानी समिती आली. पाट्या-बादल्यांतून मैला वाहण्याची प्रथा संपविण्याची योजना तिला आखायची होती. चाकाचा शोध लागून तेव्हा हजारो वर्षे लोटली होती. स्वतंत्र भारतात ते चाक या पाटीखाली यावे म्हणून समित्या बसवाव्या लागल्या. याला मी अज्ञान म्हणणार नाही. माणसाचे डोके कवडीमोलाने मिळत असताना चाकावर खर्च करण्याची गरज कुणाला वाटणार?

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटात मॅनहोलमध्ये मरण पावलेल्या कामगाराची पत्नी साक्ष देते. उतरण्यापूर्वी तो आत खडा टाकत असे. झुरळ बाहेर आले तर उतरायला हरकत नाही, असे समजत असे. समीक्षकांनी या चित्रपटातील न्यायव्यवस्थेच्या चित्रणाची पुष्कळ चर्चा केली. मला तो प्रसंग तंत्रविज्ञानाच्या इतिहासातला पुरावा वाटतो. कमिंगच्या नळीने घराबाहेर अडवलेला वायू याच कामगारासाठी खाली साचून असतो, आणि तो ओळखण्याचे त्याचे उपकरण म्हणजे झुरळ.

याच्याशेजारी दुसरी गोष्ट ठेवून पाहा. इंग्लंडमध्ये १८१२ साली फेलिंगच्या कोळसाखाणीत स्फोट होऊन नव्वदहून अधिक कामगार मेले. अपघात टाळण्यासाठी मंडळ स्थापन झाले, हम्फ्री डेव्हीला पाचारण करण्यात आले आणि १८१५ मध्ये त्याने ज्योतीभोवती तारेची जाळी असलेला सुरक्षा-दिवा तयार केला. वायू असला की त्या दिव्याची ज्योत बदलते. खाणमालक दयाळू होते असे समजण्याचे कारण नाही. स्फोट झाला की खाण बंद पडते, कोळसा थांबतो. गटारात माणूस मेला तर काय थांबते? त्याच जातीतला दुसरा माणूस दुसऱ्या दिवशी उतरवता येतो. दोनशे वर्षांपूर्वी खाणीत दिवा गेला आणि आपल्या गटारात झुरळ राहिले, याचे उत्तर रसायनशास्त्रात सापडणार नाही.

म्हणून विज्ञानाला पाठ दाखवा, असे मी म्हणत नाही. बाबासाहेबांनी १९४५ मधील आपल्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना यंत्राची बाजू घेतली होती. यंत्रामुळे सामान्य माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय सांस्कृतिक जीवन नाही. दोष यंत्राचा नसून चुकीच्या समाजरचनेचा आहे, ही त्यांची भूमिका होती. ती आजही आपली भूमिका असली पाहिजे. १९९३ आणि २०१३ चे कायदे आहेत. गटारातील मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख ठरवली आणि २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. केरळमधील तरुण अभियंत्यांनी बनवलेला ‘बँडिकूट’ हा मॅनहोल साफ करणारा रोबोट २०१८ पासून वापरात आहे. म्हणजे कायदा आहे, यंत्रही आहे. तरी माणसे उतरवली जातात आणि मरतात. यंत्राची किंमत माणसाच्या रोजाशी ताडून पाहिली जाते, आणि तो रोज जातीने आधीच पाडून ठेवलेला असतो.

दलित वाङ्मयाच्या समीक्षेलाही येथे काम आहे. आपल्या आत्मकथनांत रापी, पाटी, झाडू ही अवजारे पानोपानी येतात. आपण ती वेदनेची प्रतीके म्हणून वाचत आलो. ती अवजारे शतकानुशतके का बदलली नाहीत, या प्रश्नाने ती पुन्हा वाचली पाहिजेत. श्रमाच्या साधनांचा जो इतिहास विद्यापीठांनी लिहिला नाही, त्याची साधनसामग्री तेथे आहे. आणि शिक्षकांनी संशोधकांची चरित्रे वर्गात जरूर वाचावीत. पुस्तक मिटण्याआधी मुलांना एवढे मात्र विचारावे: या शोधाने कुणाचे काम सुटले, आणि ते आता कोण करतो?