शब्दाचा अर्थ आणि शब्दाचा हिशेब

इंग्रजी शब्दसंग्रह वाढविण्यासाठी ऊर्जा व अर्थव्यवहार या विषयांवरील लेख नियमाने वाचावेत, असा सल्ला पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना बहुधा दिला जातो. हा सल्ला मुळात चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही. अशा लेखांत मोजकेच शब्द पुनःपुन्हा येतात. त्यांच्या सभोवती आकडे असल्यामुळे संदर्भ निश्चित राहतो. आणि मीटर, युनिट, ट्रान्सफॉर्मर, सबसिडी यांसारखे कितीतरी शब्द वाचकाच्या घरात पूर्वीच येऊन बसलेले असतात. आक्षेप आहे तो सल्ला अमलात आणण्याच्या रीतीवर. वहीच्या डाव्या अंगास इंग्रजी शब्द, उजव्या अंगास त्याचा मराठी प्रतिशब्द, आणि रोज दहा-वीस जोड्यांचे पाठांतर, अशी ही रीत आहे. तीत शब्द हाती येतो. पण त्याच्या पोटातला हिशेब मात्र सुटून जातो.

हे विधान पारखून पाहण्यास नंदुरबार जिल्ह्यासारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा आदिवासीबहुल आहे. अक्राणी वा अक्कलकुवा तालुक्यातून आलेल्या विद्यार्थ्याची घरची बोली पुष्कळदा भिली वा पावरी असते. शाळेत तो मराठी शिकतो आणि त्यानंतर इंग्रजीकडे वळतो. म्हणजे ज्या मराठी प्रतिशब्दाच्या आधाराने त्याने इंग्रजी शब्द समजून घ्यावा अशी आपली अपेक्षा असते, तो प्रतिशब्दही त्याच्यासाठी कष्टाने मिळविलेला असतो. उलट, त्या शब्दाने दर्शविलेली वस्तुस्थिती त्याच्या दाराशी असते.

‘इलेक्ट्रिफाइड’ हा शब्द घ्या. वहीत त्याच्यासमोर ‘विद्युतीकृत’ असे लिहिले की काम संपले असे वाटते. परंतु केंद्र शासनाने २००४ साली स्वीकारलेल्या व्याख्येप्रमाणे वस्तीत वितरणाची मूलभूत सामग्री पोहोचली, शाळा, पंचायत, आरोग्यकेंद्र अशा सार्वजनिक जागी वीज आली आणि गावातील किमान १० टक्के घरांत जोडणी झाली, की ते गाव विद्युतीकृत ठरते. उरलेली ९० टक्के घरे अंधारात असली तरी या शब्दास बाध येत नाही. एप्रिल २०१८ मध्ये देशातील सर्व गावे विद्युतीकृत झाल्याची घोषणा झाली, तेव्हा ती वाचणाऱ्यास ही व्याख्या ठाऊक असणे वा नसणे यावर सगळा अर्थ अवलंबून होता.

‘डिमांड’ची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. आपल्या ‘मागणी’त गरज, इच्छा, अर्ज, एवढेच नव्हे तर सोयरीकही सामावते. अर्थशास्त्रातील डिमांड मात्र किंमत मोजण्याच्या ऐपतीसह असलेली इच्छा होय. ज्याच्यापाशी पैसा नाही त्याची गरज कितीही तीव्र असो, ती या शब्दात मोजली जात नाही. अमुक भागात विजेची डिमांड अल्प आहे, हे वाक्य वाचून तेथील लोकांस विजेची गरज अल्प आहे असे जो समजेल, त्याला शब्द आला; वाक्य आले नाही.

दोष नेहमी इंग्रजीकडेच असतो असे नाही. ‘लोडशेडिंग’ या शब्दात भार टाकून देण्याची, झटकून टाकण्याची कबुली आहे. आपल्या ‘भारनियमन’ या शासकीय शब्दात तीच क्रिया शिस्तीचे वस्त्र पांघरून येते. मूळ शब्द बारकाईने वाचणाऱ्यास आपल्या परिभाषेचीही परीक्षा करता येते, हा अशा वाचनाचा मोठाच लाभ आहे.

परंतु शब्दाची खरी किंमत कळते ती ‘एनक्रोचर’ या शब्दापाशी. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारी महाराष्ट्रातील ३३ गावे याच दोन तालुक्यांतील. या प्रकल्पाच्या विजेतील २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात, एक चतुर्थांशाहून अधिक जमीन गमावणाऱ्या कुटुंबास किमान २ हेक्टर सिंचनयोग्य जमीन देण्याची तरतूद होती. तथापि पिढ्यान्‌पिढ्या जंगलजमीन कसणाऱ्यापाशी दप्तरातला कागद नव्हता; म्हणून तो जमीनधारक न ठरता अतिक्रमणदार ठरला. जागतिक बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ च्या आपल्या अहवालात या प्रश्नाकडे लक्ष वेधले. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा कसणाऱ्याचा हक्क मान्य केला आणि त्याच्यावर झालेला अन्याय ऐतिहासिक असल्याचे प्रास्ताविकात नमूद केले. जमीन तीच, नांगर तोच. नाव बदलले आणि माणसाचे स्थान बदलले. ‘एनक्रोचर म्हणजे अतिक्रमण करणारा’ एवढेच पाठ करणारा विद्यार्थी, कदाचित स्वतःच्या आजोबांविरुद्धचा निकाल, शब्दार्थ म्हणून वहीत उतरवून घेत असतो.

यावर असे म्हटले जाईल की, नवशिक्यास प्रथम शब्दांचा साठा हवा. चिकित्सा मागाहून करता येईल. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परीक्षेची तारीख कोणासाठी थांबत नाही. परंतु पाठांतराने दृढ झालेला अर्थ मागाहून सैल करणे हे तो प्रथमच नीट शिकण्याहून अवघड असते, हा अध्यापकांच्या नित्य परिचयाचा अनुभव आहे. शिवाय नुसता प्रतिशब्द विसरला जातो. धडगावच्या एखाद्या पाड्याशी जोडलेली व्याख्या सहसा विसरली जात नाही.

म्हणून वहीतील दोन रकान्यांना आणखी तीन रकाने जोडावेत. हा शब्द कशाचे माप करतो? ती व्याख्या कोणी ठरविली? आणि त्या मापातून कोण बाहेर राहतो? रोज वीस शब्दांऐवजी चारच शब्द होतील, हे खरे. पण ते चार शब्द घेऊन विद्यार्थी अहवाल वाचू शकेल, त्यातील आकड्यास प्रश्न विचारू शकेल आणि प्रसंगी त्याच इंग्रजीत उत्तरही देऊ शकेल. ज्या जिल्ह्याविषयी इतके अहवाल इंग्रजीत लिहिले गेले, त्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यास इंग्रजी शिकविण्याचे याहून सबळ प्रयोजन कोणते असू शकेल?