चुकीच्या वर्षाचे निशाण

अंधेरीत चित्रीकरणाचे सामान भाड्याने देणारी गोदामे आहेत. मागच्या वर्षी अशाच एका गोदामात, एका ऐतिहासिक मालिकेसाठी शिवलेले इंग्रजी निशाण मी पाहिले. प्रसंग वडगावचा, जानेवारी १७७९ मधला. निशाण मात्र आजचा युनियन जॅक, आणि मधोमध राजाच्या एका पलटणीचा क्रमांक. मी हरकत घेतली, तर उत्तर आले, ‘इंग्रजांचा झेंडा एकच ना!’ मला हसता आले नाही. पूर्वी एका शालेय प्रदर्शनासाठी वडगावचा तक्ता मी रंगवला होता. त्यावरही हेच निशाण होते.

पहिली चूक वर्षाची. युनियन जॅकमधला तिरपा लाल क्रॉस आयर्लंडचा. तो १ जानेवारी १८०१ पासून आला. वडगावच्या वेळी निळ्या जमिनीवर स्कॉटलंडचा पांढरा तिरपा क्रॉस आणि त्यावर इंग्लंडचा पांढऱ्या कडांचा लाल उभा-आडवा क्रॉस, एवढेच होते.

दुसरी चूक अधिक गंभीर. इंग्लंडात पूर्वी कर्नल आपल्या घराण्याची चिन्हे पलटणीच्या निशाणावर मिरवीत. १७५१ च्या शाही हुकमाने ते बंद झाले. प्रत्येक पलटणीला दोन निशाणे ठरली : एक राजाचे, म्हणजे पूर्ण युनियन, दुसरे पलटणीचे, बहुधा कोटाच्या कफांच्या रंगाचे, काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात लहान युनियन असलेले. पलटण कर्नलची नव्हे, राजाची, हे त्यावरचा क्रमांक सांगे. निशाणाचे कापड सुमारे सहा फूट उंच, साडेसहा फूट लांब असे. ते पेलायचे काम पलटणीतल्या सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्याचे, एन्साइनचे.

पण वडगावला राजाची पलटण नव्हतीच. तिथे शरण आले ते मुंबईकर इंग्रजांचे, कंपनीचे सैन्य. राजाचा क्रमांक फडकवला की एक व्यापारी कंपनी पुण्याच्या गादीचा निवाडा करायला निघाली होती, ही मूळ गोष्टच झाकली जाते.

राजाच्या पलटणी पाहायच्या तर असईला जावे. २३ सप्टेंबर १८०३ च्या त्या लढाईत ७४ वी आणि ७८ वी पलटण लढली. कंपनी सरकारने त्यांना तिसरे, मानाचे निशाण दिले. ‘असई’ हे नाव आणि हत्ती ही त्याची खूण. तो हत्ती आजही भारतीय लष्कराच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर आहे. आजच्या जालना जिल्ह्यातल्या एका गावाचे नाव पराभवातून परक्या निशाणावर गेले, हे आपल्या किती पुस्तकांत सापडते?

जरीपटक्याचा रंग चुकला तर आपण पत्रे लिहितो, आणि लिहावीतच. शत्रूच्या निशाणाबद्दल मात्र कोणी विचारत नाही. कोणाला हरवले हे नीट न सांगता विजय सांगणे म्हणजे अर्धाच इतिहास सांगणे.

गोदामवाल्यांनी निशाण बदलले नाही. चित्रीकरण दुसऱ्याच दिवशी होते. माझा तक्ता मात्र मी परत मागून आणला आणि तो तिरपा लाल क्रॉस पांढऱ्याने पुसला. क्रमांकही खोडला.