गोल झाला, पण थांबा!

खेळात हरल्याचे दुःख माणूस चार दिवसांत विसरतो. पण आपल्यावर अन्याय झाला असे एकदा मनाने घेतले, की ते दुःख बांधाच्या भांडणासारखे मुला-नातवंडांकडे वारशाने जाते. फुटबॉलमध्ये अशा भांडणांची वाण नाही. 30 जुलै 1966 रोजी लंडनच्या वेम्ब्ले मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना चालला होता. इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी यांची 2-2 अशी बरोबरी. जादा वेळ सुरू झालेला. जेफ हर्स्टने मारलेला चेंडू गोलच्या आडव्या दांड्यावर आदळून खाली आपटला आणि बाहेर आला. तो रेषेच्या आत पडला की रेषेवर? स्वित्झर्लंडचे पंच गॉटफ्रीड डीन्स्ट यांना सांगता येईना. ते रेषेवरच्या आपल्या सहायकाकडे, म्हणजे सोव्हिएत अझरबैजानच्या तोफिक बहरामोव्ह यांच्याकडे गेले. बहरामोव्ह यांनी होकार दिला, गोल ठरला आणि इंग्लंडने सामना 4-2 असा जिंकला. त्या गोलाचा वाद अजून मिटलेला नाही. आणि इकडे बाकू शहरातल्या स्टेडियमला बहरामोव्ह यांचे नाव आहे! एका माणसाच्या एका होकाराचे केवढे हे पडसाद!

पंचाच्या मदतीला चित्रफीत द्यावी की नाही, हा प्रश्न अशाच प्रसंगांतून वर आला. 2018 साली ‘व्हीएआर’, म्हणजे पडद्यासमोर बसून खेळ तपासणारा व्हिडिओ पंच, फुटबॉलच्या नियमांत रीतसर दाखल झाला. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला झालेली शिक्षा, एवढ्या चार बाबतींतच त्याने तोंड उघडावे, आणि तेही चूक ढळढळीत असेल तरच, असे ठरले. नव्या सुनेचे कोडकौतुक आणि नव्या सुनेवरची टीका, दोन्ही आता सरली आहेत. तेव्हा तिने घर कसे चालवले, हे शांतपणे पाहायला हरकत नाही.

या सुनेला घरात घेऊच नये, असे म्हणणारा एक पक्ष आहे आणि तो मोठा रसिक आहे. चुका हाच खेळाचा जिवंतपणा, असे त्याचे म्हणणे. दाखल्यासाठी तो मॅराडोनाकडे बोट दाखवतो. 22 जून 1986 रोजी मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर त्याने इंग्लंडविरुद्ध चक्क हाताने गोल केला, ट्युनिशियाचे पंच अली बिन नासर यांना तो हात दिसला नाही, आणि त्यानंतर चारच मिनिटांत त्याच मॅराडोनाने अर्ध्या मैदानातून एकेकाला चकवत जो गोल केला, तो पाहून जग थक्क झाले. पडदा असता तर ‘देवाचा हात’ ही दंतकथाच जन्मली नसती, असे हे रसिक हळहळून सांगतात.

मी कादंबऱ्या लिहितो. कथेचा मोह मला कळतो. पण ही कथा रंगली ती दुसऱ्याच्या ताटातला घास काढून. 18 नोव्हेंबर 2009 रोजी पॅरिसजवळच्या मैदानात फ्रान्सच्या थिएरी आन्रीने चेंडू हाताने अडवला आणि गॅलासकडे ढकलला. गॅलासने गोल केला आणि त्या गोलाने आयर्लंडच्या विश्वचषकाची वाट बंद झाली. हात दूरचित्रवाणीवर लाखो लोकांनी पाहिला. पाहिला नाही तो फक्त ज्याने पाहायला हवा होता त्याने. आता त्या आयरिश खेळाडूंना कोणी सांगावे की बाबांनो, तुमच्या नुकसानीमुळे खेळ किती जिवंत झाला! चुकीचे काव्य जिंकणाऱ्याला सुचते. हरणाऱ्याला फक्त चूक दिसते. तेव्हा यंत्र नकोच, हे म्हणणे मला पटत नाही.

मग यंत्र हवे. पण कोणत्या कामासाठी? आम्ही मास्तर मंडळी दोन प्रकारचे पेपर तपासतो. एक गणिताचा आणि दुसरा निबंधाचा. गणिताचे उत्तर एकच असते. ते सोलापुरात तपासा की साताऱ्यात. निबंधाचे तसे नाही. एकाच निबंधाला एक परीक्षक बारा गुण देतो, दुसरा आठ देतो, आणि दोघेही प्रामाणिक असतात. निकालानंतर गुणपडताळणीचा अर्ज केला तर बेरीज सुधारते. पण निबंधाचे पुनर्मूल्यांकन मागितले, तर फार तर परीक्षक बदलतो, मत हे मतच राहते. फुटबॉलच्या निर्णयांतही गणित आणि निबंध असे दोन पेपर आहेत, आणि व्हीएआरचे सारे यशापयश मला या एका भेदात दिसते.

चेंडू रेषेपार गेला की नाही, हे शुद्ध गणित. 27 जून 2010 रोजी दक्षिण आफ्रिकेत ब्लोमफाँटेन येथे इंग्लंडच्या लँपार्डचा चेंडू दांड्याला लागून रेषेच्या चांगलाच आत पडला, तरी जर्मनीविरुद्धचा तो गोल दिला गेला नाही. त्या फजितीनंतर 2012 साली गोलरेषेवरच्या यंत्राला मान्यता मिळाली. चेंडू पूर्ण आत गेला की एका सेकंदाच्या आत पंचाच्या मनगटावरचे घड्याळ तसे सांगते. खेळ थांबत नाही, वाद होत नाही, कोणाची मान खाली जात नाही. गुणपडताळणी असावी तर अशी.

आपल्या लोकांना हे नवे नाही. 14 नोव्हेंबर 1992 रोजी दरबानच्या कसोटीत पडद्यावर पाहून तिसऱ्या पंचाने ज्या पहिल्या फलंदाजाला धावबाद ठरवले, तो आपला सचिन तेंडुलकर. तो निर्णय क्रिकेटने पचवला, कारण धावबाद हेही गणितच. शिवाय क्रिकेटमध्ये दर चेंडूनंतर खेळ आपणच थांबतो, त्या फटीत यंत्राला बसायला जागा मिळते. फुटबॉल हा नदीसारखा वाहता खेळ. त्याला बांध घालायचा तर कारणही तेवढे मोठे पाहिजे.

आता निबंधाचा पेपर पाहू. 15 जुलै 2018, मॉस्को. फ्रान्स आणि क्रोएशिया यांच्या अंतिम सामन्यात 1-1 अशी बरोबरी होती. चेंडू क्रोएशियाच्या पेरिशिचच्या हाताला लागला. अर्जेंटिनाचे पंच पिताना मैदानाकडेच्या पडद्यापाशी गेले, पाहून वळले, पुन्हा मागे फिरून पाहू लागले, आणि शेवटी पेनल्टी दिली. फ्रान्सने आघाडी घेतली आणि सामना 4-2 असा जिंकला. हात लागला होता, यात शंका नाही. पण तो लावला की लागला? हे पडदा सांगू शकत नाही. उलट, चित्र संथ केले की अपघातसुद्धा कटासारखा दिसू लागतो. जी चूक ढळढळीत असायला हवी, ती समजायला पंचाला दोनदा पाहावे लागले, यातच तिचे उत्तर आले.

ऑफसाइडचे गणित तर फारच बारकाईचे झाले आहे. 2022 च्या कतार विश्वचषकात छपराखाली बारा कॅमेरे होते, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे 29 बिंदू ते टिपत होते, आणि चेंडूतले उपकरण सेकंदाला 500 वेळा आपला ठावठिकाणा कळवत होते. उत्तर अचूक येते, याबद्दल वाद नाही. पण हा नियम झाला तो आक्रमकांनी प्रतिस्पर्ध्याच्या गोलपाशी ठाण मांडून बसू नये म्हणून. बुटाचे टोक पुढे गेले म्हणून गोल पुसावा, यासाठी नव्हे. चौतीस गुणांवर अडलेल्या पोराला एक गुण देणारा मास्तर गणितात कच्चा नसतो. त्याला परीक्षा कशासाठी आहे ते ठाऊक असते.

आणि यंत्र अचूक असले तरी निरोप माणसाच्याच तोंडून जातो. 30 सप्टेंबर 2023 रोजी टॉटेनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस दियासने केलेला गोल मैदानावरच्या पंचांनी ऑफसाइड म्हणून नाकारला. व्हिडिओ पंचांनी तपासले. गोल शुद्ध होता. पण मैदानावर गोल दिला आहे असाच त्यांचा समज होता. त्यांनी तपासणी पूर्ण झाल्याचे कळवले, खेळ सुरू झाला, आणि एकदा सुरू झालेला खेळ नियमाने मागे नेता येत नाही. सामना लिव्हरपूलने 2-1 असा गमावला. डोळा तीक्ष्ण, चित्र स्वच्छ, आणि न्याय मात्र दारातून परत गेला!

या सगळ्यात प्रेक्षकाचे काय? 17 एप्रिल 2019 रोजी मँचेस्टर सिटीच्या स्टर्लिंगने टॉटेनहॅमविरुद्ध अखेरच्या क्षणी गोल केला. सारे मैदान उसळले, प्रशिक्षक ग्वार्डिओला आनंदाने धावत सुटले. आणि मग पडद्याने सांगितले की त्याआधी आग्वेरो ऑफसाइड होता. निर्णय बरोबरच होता. पण तेव्हापासून गोल झाला की माणूस आधी पंचाकडे बघतो आणि मग हसतो. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत आनंदाचे क्षण ते किती? दोन, तीन. तेही तपासणी होईपर्यंत राखून ठेवायचे, ही किंमत लहान नाही. स्वीडनमध्ये क्लबांवर त्यांच्या सभासद-प्रेक्षकांचा ताबा असतो. तेथील बहुसंख्य क्लबांनी 2024 साली व्हीएआरला नकार दिला. उलट त्याच वर्षी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये ते काढून टाकण्याचा ठराव आला, तेव्हा वीसपैकी एकोणीस क्लबांनी ते ठेवावे असे मत दिले. पैसा अडकला की अचूकता हवीशी वाटते, आणि जीव अडकला की क्षण हवासा वाटतो. दोन्ही बाजू खोट्या नाहीत.

म्हणून माझे मत असे. गणित यंत्राला द्यावे, आणि त्यातही बोटभर फरकाला सवलत ठेवावी. निबंध पंचाकडेच ठेवावा. आन्रीसारखा उघडा हात सर्वांना दिसत असेल तेव्हाच त्याला हाक मारावी, आणि एका नजरेत चूक दिसली नाही तर पहिला निर्णय कायम समजावा. निर्णय काय आणि का, हे भर मैदानात मोठ्याने सांगावे; 2023 च्या महिला विश्वचषकात पंचांनी ध्वनिक्षेपकावरून निर्णय सांगितले, ते चांगलेच झाले. बंद खोलीतला न्याय बरोबर असला तरी तो लोकांच्या गळी उतरत नाही.

पंच चुकतो, हे लोक शेवटी सहन करतात. तो आपल्यासमोर धावला, घामाघूम झाला आणि त्याने जे पाहिले ते सांगितले, एवढा त्यांना विश्वास हवा असतो. पडद्याने हा विश्वास वाढवला, तर तो मैदानात जरूर असावा. पंचाला शिट्टी फुंकण्याआधी पडद्याची वाट पाहण्याची सवय लागली, तर मात्र आपण चुका कमी करता करता पंचच घालवून बसू.